ईसीजीबाईंचा तिसरा मेमो

"बाई, तारा उलट्या लावल्यात!" मोठ्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी टेबलावर आपटली. पट्टीवरची पहिलीच ओळ शीर्षासन करत होती. पट्टी ज्याची, तो समोरच उभा होता. पण माणसाकडे बघायची सवय डॉक्टरांनी बढती मिळाल्यापासून सोडली होती.

ईसीजीबाईंनी पट्टी उचलून पाहिली. वर्षभरात त्यांना चुकांबद्दल दोन मेमो झाले होते. तिसरा आला की घरी बसायचं, असा इस्पितळाचा नियम होता. पेशंट म्हणजे इस्पितळाच्याच कचेरीतला नवा कारकून. उद्या रुजू व्हायचं, फिटनेसचा दाखला तेवढा राहिला होता.

बाईंनी तारा पुन्हा लावल्या. उजवी उजव्या हाताला, डावी डाव्या. ओळ पुन्हा उलटीच.

"मग अदलाबदल करा!" डॉक्टर खेकसले आणि तेवढ्या वेळात त्यांनी मेमो लिहून शिपायाकडे देऊनही टाकला.

अदलाबदल केल्यावर ओळ मुकाट्याने सुलटी आली. डॉक्टर दाखल्यावर सही ठोकणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, "साहेब, छातीवरच्या लाटा बघा ना. डावीकडे सरकताना मोठ्या व्हायला हव्यात, या तर बारीक होत चालल्यात. हाताच्या तारा चुकल्या तर असं नाही होत."

"आता तुम्ही मला शिकवणार?"

"छे हो! तुम्ही फक्त यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बघा."

तो कोणत्या खणात आहे हे शोधण्यात दहा मिनिटं गेली. डॉक्टरांनी डावीकडे लावला आणि ते पांढरेफटक पडले. "धड काही ऐकूच येत नाही!" कारकून त्यांच्याहून पांढरा पडला. बाईंनी साहेबांचा हात धरून उजवीकडे नेला. तिथे हृदय खुशाल धडधडत होतं.

"शोधून काढलं की नाही मी!" डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाले. "जन्मापासून उजवीकडे! बाकी गडी ठणठणीत!"

"मग माझा मेमो फाडता ना, साहेब?"

"अहो, त्याच्यावर जावक क्रमांक पडला. आता मला कसा फाडता येईल?"

बाई त्या रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी नव्या कारकुनाच्या टेबलावर पहिलाच कागद आला तो हा मेमो, अभिप्रायासाठी. त्याने पेनाचं टोपण काढून लिहिलं, 'चौकशी केली. तारा बरोबर होत्या, माणूस उलटा होता. पुरावा सोबत आहे.'

मग कागद घेऊन तो अधीक्षकांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला आणि शर्टाची बटणं सोडू लागला.