फिलूआँटींची शिट्टी

आमच्या शेजारच्या फिलूआँटी सत्तरीला टेकल्यावर शिट्टी मारायला शिकत होत्या. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचं, दोन बोटं तोंडात घालायची आणि जीव एकवटून फुंकायचं. नुसतं फुस्स व्हायचं. कधी कधी वरची कवळीच बाहेर यायची. खोपटच्या एसटी स्टँडवरून घरी परतणारी माणसं फाटकाशी थबकायची. आँटी शांतपणे कवळी बसवून त्यांनाच विचारायच्या, "काय बघता? तुम्हाला येते?"

शिक्षक मी. कॉलेजात असताना मी ज्या कारणासाठी शिट्टी शिकलेलो, ते आँटींना सांगण्यासारखं नव्हतं.

आँटींचा निश्चय ही आमच्या गल्लीत धसका घेण्याची गोष्ट आहे. साठीत त्यांनी स्कूटर शिकायचं ठरवलं. त्या भिंतीला धडकल्या, पाण्याच्या पिंपाला धडकल्या, एकदा चर्चच्या फादरनाही धडकल्या. पण शिकल्या. "ठरवलं म्हंजे ठरवलं," एवढंच त्यांचं म्हणणं.

शिट्टीचं मात्र हौसेखातर नव्हतं. ते पेद्रूसाठी होतं.

पेद्रू म्हणजे जॅक रसेल टेरियर. पांढरा, एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ. आँटींच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या अंकलनी, रिटायर झाल्यावर हौसेने आणलेला. "एवढासा?" आँटी म्हणालेल्या, "कुत्रा आणलास का त्याचं सँपल?" त्या सँपलने आल्या आल्या गवती चहाचं बेट मुळासकट उपटलं, परसातली हळद वर काढली आणि एक घूस मारून आँटींच्या चपलांवर नीट मांडून ठेवली. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं, की ही जात बिळात शिरून कोल्हे हुसकवायला तयार केलेली. नाक वासाला लागलं की कान बंद.

"म्हंजे आमच्या अंकलसारखाच," आँटी म्हणाल्या. "पेपर हातात आला की ऐकायलाच येत नाय."

पण अंकलच्या शिट्टीला ते कान उघडायचे. दोन आखूड, एक लांब. पेद्रू असेल तिथून, असेल ते टाकून धावत यायचा.

अंकल गेले तेव्हा आँटी रडल्या नाहीत. आलेल्या प्रत्येकाला कॉफी देत राहिल्या. पुढे पेद्रूने त्यांची झोप उडवली. फाटक उघडं दिसलं की हा सुसाट निघायचा, थेट मोठ्या रस्त्याला, एसटीच्या चाकांकडे. आँटी हाका मारून दमायच्या. त्यांचा धाकटा भाऊ वसईहून आला नि म्हणाला, "बाय, आमच्या वाडीत राहील तो. इथं गाडीखाली जाईल." आँटींनी त्याला ईस्टरपर्यंत थांबायला सांगितलं आणि तडक माझ्याकडे आल्या.

"मना शिट्टी शिकव."

"मीच मारतो ना, आँटी." मी अगदी अंकलसारखी मारून दाखवली. चुकीच्या घराची बेल वाजवणाऱ्याकडे बघावं, तसं पेद्रूने माझ्याकडे बघितलं आणि तो परत खणायला लागला.

"बघितलंस?" आँटी म्हणाल्या. "हात त्याच घरातला पायजे."

ईस्टर जवळ आला तरी फुस्सच. अशात एका संध्याकाळी गॅसवाला फाटक उघडं टाकून गेला आणि पेद्रू निसटला. आँटी अनवाणी धावल्या, मी मागे. गल्लीच्या तोंडाशी पांढरा ठिपका दिसत होता आणि त्याच्या पलीकडे वळणारी बस. आँटी थांबल्या. कवळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली, बोटं तोंडात घातली, आणि वाजली. दोन आखूड, एक लांब.

पेद्रू जागच्या जागी गर्रकन वळला. कान मागे टाकून आला. आँटी हात पसरून खाली वाकल्या होत्या. तो त्यांच्या बाजूने निघून गेला, सरळ घरात.

आम्ही आत आलो तेव्हा तो अंकलच्या कॉटखाली शिरलेला. बाहेर आला, मोरीत डोकावला, पडद्यामागे बघितलं, पुन्हा कॉटखाली. शेपूट थांबत नव्हतं.

आँटी जमिनीवर बसल्या. "नाय रे," त्या म्हणाल्या. "नाय आलेले ते. मी होते." आणि मग त्या रडल्या. कितीतरी वेळ. पेद्रू शोधून दमला आणि त्यांच्या पायाशी येऊन पडला.

मी कवळी टेबलावर ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला फोन करून कुत्रा मिळणार नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी ओट्यावर त्या हजर.

"आता काय राहिलं, आँटी? आली की तुम्हाला."

"ती त्यांची. ती नाय मारायची परत. फसवल्यासारखं होतं त्याला." त्यांनी बोटं पदराला पुसली. "दुसरी शिकव."

"कुठली?"

"कुठलीपण. ऐकली की त्याला कळलं पायजे, घरात मी आहे."