या स्टुलाची माती होते

लेबलावर 'नाही' हा शब्द मी घातला, आणि तेच स्टूल यजमानांना आंघोळीसाठी दिले तेही मीच. पुढे जे घडले त्यात इतरांचा हात असलाच, तर तो यजमानांना वर ओढण्यापुरता.

आमची सून वस्तूंची रचना करते. म्हणजे नेमके काय करते, हे मला अजून उमगलेले नाही (विचारले की ती उत्साहाने सांगते, आणि मग कळत होते तेवढेही कळेनासे होते). वस्तू घडवतानाच तिच्या शेवटाची सोय करावी, असे तिचे तत्त्व. लाकूड, खिळा आणि प्लॅस्टिक यांचे असे लग्न लावू नये, की पुढे घटस्फोटच अशक्य व्हावा. या तत्त्वाला अनुसरून तिने पेंढा आणि खळ दाबून एक स्टूल तयार केले होते. एका मोठ्या दुकानाच्या खरेदीप्रमुख बाई ते पाहायला घरी येणार होत्या. पसंत पडले, तर सुनेला तिचे पहिले काम मिळणार होते. नमुना एकच होता.

आदल्या दिवशी तिने लेबलाचा मजकूर माझ्यापुढे ठेवला आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहायला सांगितले. ते निर्दोष होते. वाक्य मात्र असे होते : 'या स्टुलाची माती होते.'

मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. आयुष्याची माती होते, संसार मातीमोल होतो, मेहनत मातीत जाते. माती होणे ही स्तुती असल्याचे एकही उदाहरण मला आठवेना. पोरीच्या हातून घाईत 'नाही' राहिले, अशी खात्री पटून मी ते घातले. मी तपासले म्हटल्यावर तिने पुन्हा न वाचताच लेबल छापून चिकटवले. (लौकिकाचे असेही तोटे असतात.)

सकाळी ती बाईंना आणायला गेली. न्हाणीघरातले तडकलेले प्लॅस्टिकचे स्टूल तिने टाकू न देता दुरुस्तीला धाडले होते, आणि यजमानांचा गुडघा वाकत नाही. ते खांद्यावर टॉवेल टाकून बसायला काहीतरी मागू लागले. मी नमुना पुढे केला. त्यांनी चष्मा चढवून लेबल वाचले, समाधानाने मान हलवली आणि आत गेले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अगं, मी खाली चाललोय."

"येताना दूध आणा."

"अगं, खाली चाललोय मी, खाली."

"एकदा सांगितलेले कळले. द्विरुक्तीची गरज नाही."

तेवढ्यात सून बाईंना घेऊन आली. तिने टेबलाकडे पाहिले.

"आई, स्टूल कुठंय?"

"न्हाणीघरात. हे आंघोळ करत आहेत."

"पाण्यात? अहो, त्याची माती होईल."

"होणार नाही. ते मी कालच दुरुस्त केले आहे."

"स्टूल?"

"वाक्य."

दार उघडले, तेव्हा यजमान टॉवेल गुंडाळून फरशीवर बसले होते. भोवती पेंढ्याचा चिखल होता आणि त्यांच्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर लेबल चिकटले होते : 'या स्टुलाची माती होत नाही.' आम्ही दोघींनी त्यांना वर ओढले.

बाईंनी लेबल वाचले, चिखल पाहिला, पुन्हा लेबल वाचले. "म्हणजे होते, की होत नाही?"

"होते," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण कामाची आहे तोवर वस्तू टिकायलाच हवी. हे फार लवकर झालं."

बाईंनी चिमूटभर चिखल बोटांत चोळला आणि पाणी किती लागले ते विचारले.

"अर्धी बादली," यजमानांनी अनुभवाने सांगितले.

मग बाई म्हणाल्या, "स्टूल नको. याच्या रोपांच्या कुंड्या होतील का? रोपासकट जमिनीत लावता येतील अशा?"

सुनेने डोळे पुसले. "भिंती पातळ कराव्या लागतील," ती म्हणाली, आणि मला पुन्हा काही कळेनासे झाले.

शेवटी ठरले ते असे. सुनेने कुंड्यांचे नमुने करून द्यावेत. बाईंनी मान्य केले. लेबलावर 'या कुंडीची माती होते' एवढेच असावे. सर्वांनी मान्य केले, मीही. मग यजमानांनी विचारले, स्टुलाची माती झाली हे खरे, पण ती खाल्ली कोणी, हेही लेबलावर घालायचे का? घालू नये, या बाजूने एकच मत पडले. ते व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. पण एकच होते.