लेन्सनिवडीचा अंतिम अहवाल

बायकोने लाकडात कोरलेली बारा बटणं प्रदर्शनाला पाठवायची होती आणि अर्जासोबत प्रत्येकाचा अगदी जवळून काढलेला फोटो जोडायचा होता. मुदत तीन आठवडे. करंगळीच्या नखाएवढं बटण, त्यावर पक्षी, पक्ष्याला मोजता येतील अशी पिसं. दोन वर्षं डोळे फोडून केलेलं काम. कॅमेरा घरात होता, फक्त मॅक्रो लेन्स आणायची होती. मी खरेदी विभागात नोकरीला असल्याने ते तिने माझ्यावर सोपवलं. एवढी एकच चूक तिची.

आमच्या विभागात टाचणीसुद्धा तुलनात्मक तक्त्याशिवाय घेत नाहीत. मी तक्ता केला. साठ मिलिमीटरची लेन्स घेतली तर वस्तूला इतकं खेटावं लागतं, की आपलीच सावली पडते. शंभरची घेतली तर लांबून जमतं, पण हात जरा हलला की पक्ष्याचा ढग होतो. तज्ज्ञ म्हणून मेहुण्याला बोलावलं. त्याच्याकडे कॅमेराच नसल्याने तो निःपक्षपाती होता.

दुकानदाराने दोन्ही लेन्स चाचणीसाठी दिल्या. कडेच्या रेषा किती स्पष्ट येतात हे पाहायला मी फूटपट्टीचे एकशे चाळीस फोटो काढले.

बायको म्हणाली, “अहो, लेन्स लावलेलीच आहे, तर माझ्या बटणांचेही काढून टाका ना.”

“निवडीआधी वापर? उद्या कोणी आक्षेप घेतला तर?”

“कोण घेणार?”

“ते अजून ठरायचंय, ताई,” मेहुणा गंभीरपणे म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात त्याने लेखी मतभेद नोंदवला. त्याचा मुद्देसूद खुलासा करण्यात माझे दोन दिवस गेले. बुधवारी सकाळी एकदाचं एकमत झालं आणि मी धावतपळत बटणं मागायला गेलो.

“मुदत काल संपली,” ती म्हणाली. माझ्या सदऱ्याचं एक बटण तुटलं होतं, त्या जागी ती पक्षी शिवत होती. भांडली असती तर बरं झालं असतं. मला खरोखर लाज वाटली.

ऑफिसात सगळी हकीकत सांगितली. सगळे हळहळले. साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले आणि हलकेच विचारलं, “पण ठरली कोणती? साठ की शंभर?”

मी त्यांच्यावर चिडणार होतो. पण तुम्हीही त्याच उत्तरासाठी थांबलायत. उरलेल्या अकरा बटणांचं काय झालं, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?