दांडीवाली वाटी

"टोला मारू का?"

"मी काय दार आहे?"

काचवाला कामाच्या टेबलावर पालथा पडला होता. त्याच्या उघड्या पाठीवर काच उचलायचं हँडल उभं होतं आणि बायको लाकडी हातोडी घेऊन वर वाकली होती.

आधी हँडल. बशीएवढी रबरी चकती, वर लोखंडी दांडी. चकती काचेवर टेकवून खटका दाबला की घट्ट चिकटते, खटका सोडला की सुटते. या हँडलचा खटका हल्ली रुसला होता. काचेवर असताना ते दोघं चकतीची कड नखाने उचलून ते सोडवत. पाठीवर मात्र कड उचलली की तिच्याबरोबर पाठही उचलली जात होती.

आता पाठ. ती दोन दिवस आखडली होती. धाकटी मेहुणी याच दुखण्यावर उपचार करायची: पाठीवर वाट्या लावून, हवा काढून कातडी वर ओढायची आणि स्नायू सैल करायची. पण काचवाला सगळ्या सासरवाडीसमोर म्हणाला होता, "वाट्यांनी दुखणं जात असेल, तर आमच्या फडताळात अख्खं हॉस्पिटल आहे!" आता तिच्यापुढे पाठ उघडी करायची म्हणजे नाक कापून घेणं.

"ओढणं ते ओढणंच," तो बायकोला म्हणाला होता. "तिची वाटी काय ओढणार? आपलं हँडल खिडकी उचलतं!"

(वाचकांनी इथे थांबून आपला हात पाठीमागे, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये नेऊन पाहावा. पोचला? नाही ना? मग पुढे वाचा.)

"अहो, हँडल दोनच आहेत," बायको म्हणाली. "आणि काच उचलायला दोन्ही लागतात."

काच मेहुणीच्याच नव्या दवाखान्याची होती. दर्शनी, दारापेक्षा उंच, टेम्पोत आधीच चढवून ठेवलेली. उद्या सकाळी दवाखाना उघडणार होता.

"उद्या बसवू म्हणून सांगू?"

"काचवाल्याची मेहुणी आणि दवाखान्याला भोक? लोक तोंडात शेण घालतील. कोट दे माझा."

टेम्पोत तो सीटला न टेकता, रस्त्यात काहीतरी हरवल्यासारखा पुढे वाकून बसला.

दवाखाना.

"भावोजी, एवढ्या उन्हात कोट?"

"थंडी वाजतेय."

"आणि पाठीवर हे काय?"

"पोक. आमच्या धंद्यात येतं."

मेहुणीने कोटावरून हात फिरवला. "पोकाला दांडी असते?"

बायकोने इतका वेळ दाबलेलं हसू तोंडातून, नाकातून, जमेल तिथून बाहेर पडलं. मेहुणी हसली नाही. हसली असती तर बरं, असं काचवाल्याला वाटलं.

"पालथे व्हा."

तिने हँडलला हातच लावला नाही. चकतीच्या कडेला बोट टेकवलं आणि कातडी हलकेच खाली दाबली. फुस्स. हँडल आपणहून आडवं झालं.

"वाटी काढताना ओढायची नसते, भावोजी. कातडी दाबायची."

काचवाल्याने पडल्या पडल्या मान वळवून ते बोट बघितलं. खटका रुसल्यापासून तो कडाच उचलत आला होता. पण कामाचा माणूस होता; दुसऱ्याचं काम बघितलं की त्याला कळायचं.

"किती ओढलंय हे! काळंनिळं झालंय. ताई, तू लावलंस?"

"ह्यांनीच सांगितलं."

"आणि तू ऐकलंस?"

"पहिल्यांदाच गं. पुन्हा नाही ऐकणार."

काच दोघी बहिणींनी उचलली. "डावीकडे... अजून केसभर... आता श्वाससुद्धा घेऊ नका... बस!" काचवाला नुसता बोलत होता, आणि एवढी थोरली काच आवाज न करता चौकटीत जाऊन बसली. मग त्याने ती पुसली. पुसता पुसता ती दिसेनाशी झाली. मेहुणीने हात पुढे केला, तर तो हवेतच अडला.

"आहे की!" ती थक्क होऊन म्हणाली. काचवाल्याला एवढं पुरे होतं.

"आता परत पालथे व्हा. दुखतंय ते राहिलंच ना."

काळ्यानिळ्या गोलाला धक्का न लावता तिने दोन्ही बाजूंना तेल लावलं, लहान वाट्या बसवल्या, अगदी बेताने ओढल्या आणि हळूहळू सरकवत नेल्या. दोन दिवस कानाशी जाऊन बसलेला खांदा खाली उतरला. काचवाला उशीत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटला.

"काही म्हणालात, भावोजी?"

"तुझ्या हातात काम आहे गं." याहून मोठी स्तुती त्याच्यापाशी नव्हती.

मग त्याने डोळे उघडले. समोर अख्खा रस्ता उभा होता. हमाल, भाजीवाली, दोन शाळकरी मुली आणि एक कुत्रा, सगळे त्याच्या पाठीकडे बघत होते.

"अगं, हे सगळे आत बघतायत!"

"पडदे उद्या येणार आहेत."

"पण मधे काहीच कसं नाही?"

"आहे की. तुम्हीच बसवलंय."

चौकट मोकळी होती तेव्हापासून हमाल तिथेच उभा राहून सगळं बघत होता. त्याने दारातून डोकं आत घातलं आणि टेबलावरच्या हँडलकडे बोट दाखवलं.

"मॅडम, माझीपण पाठ दुखते. मला ती मोठी लावा, दांडीवाली."

मेहुणी काही बोलणार, तोच पाठीवर सहा वाट्या मिरवत, मान न उचलता काचवाला म्हणाला, "ती फक्त खिडक्यांना."