भागू कासविणीची रजा

एका जंगलात किती वाजले हे कुणालाच कळत नसे, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नसे. मुलांनो, अशी जंगलं पूर्वी होती.

भूक लागली की खायचं, डोळे मिटू लागले की झोपायचं, असा तिथला साधा कारभार. "मोहाची फुलं गळायला लागली की ये," असं अस्वलाने सांगितलं, की पाहुणा बरोबर तेव्हा येई. दोन दिवस इकडेतिकडे झाले तर कुणी तोंड वाकडं करत नसे.

मग एके दिवशी सिंहमहाराज फिरत फिरत जंगलाच्या कडेला गेले. तिथे फॉरेस्टचा बंगला होता. बंगल्यात एक साहेब खुर्चीत बसला होता आणि समोर त्याचं जेवण झाकून ठेवलं होतं. साहेबाच्या पोटात कावळे ओरडत होते, ते महाराजांना झाडीतही ऐकू आलं. पण साहेब जेवेना. तो सारखा भिंतीवरच्या एका गोल डब्याकडे बघे आणि सुस्कारा टाकी. डब्याने बारा टोले दिले, तेव्हा कुठे तो पानावर तुटून पडला.

महाराज थक्क झाले.

"आपण भूक लागली म्हणून जेवतो," परत येऊन ते चिटणीस कोल्ह्याला म्हणाले. "माणूस वाजले म्हणून जेवतो. म्हणूनच तो साऱ्या जगावर राज्य करतो आणि आपण एका जंगलावर. आपल्यालाही काळ पाहिजे."

"कोणता, महाराज?"

"मिळेल तो आणा."

कोल्ह्याने समिती नेमली. काळ म्हणजे काय ते ठरवा आणि तो मोजायचा कसा तेही ठरवा, एवढंच समितीचं काम होतं.

रानकोंबडा म्हणाला, मी आरवलो की सूर्य उगवतो, तेव्हा काळ माझ्यापासून सुरू होतो. घुबड म्हणालं, तुमचा सुरू होतो तेव्हा माझा संपतो, त्याचं काय? अस्वल म्हणालं, एक मोह संपल्यावर दुसरा येईपर्यंत जो कंटाळा येतो त्याला काळ म्हणतात. चिलटांचाही एक प्रतिनिधी होता, पण तो दर बैठकीला बदले. पहिल्या बैठकीला आले ते आजोबा होते. तिसऱ्या बैठकीला त्यांचा नातू आला आणि हात जोडून म्हणाला, "ही समिती फार प्राचीन आहे, असं आम्ही वाडवडिलांकडून ऐकत आलो आहोत."

चौथी बैठक वडाखाली भरली. बैठक सुरू झाली तेव्हा भागू नावाची एक कासवीण वडाला वळसा घालून पाणवठ्याकडे निघाली होती. भांडण झालं, चहाडी झाली, माफी झाली, पुन्हा भांडण झालं. बैठक संपली आणि भागू पाणवठ्याला पोचली.

कोल्ह्याने टिपलं. ही बाई पळत नाही. थांबतही नाही. कुणाशी गप्पा छाटत नाही. कालही एवढ्याच वेळात पोचली होती. त्याने तिथल्या तिथे ठराव मांडला.

"काळ म्हणजे कासवीण चालते तो. कासव पाणवठ्याला लागलं, की एक कासव झालं."

वडाचं नाव ठरावात घालायचं राहून गेलं. पण वड सगळ्यांनाच माहीत होता, आणि ठराव आटोपशीर असला की विद्वत्तेचा वाटतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. भागूला कुणी विचारलं नाही. काळाला कोण विचारतं?

दिवसाची सहा कासवं ठरली. पहिल्या कासवाला उठायचं. दुसऱ्याला चरायचं. तिसऱ्या कासवाला गवत खाणाऱ्यांनी पाणवठ्यावर पाणी प्यायचं, आणि तेवढ्या वेळात शिकार बंद. चौथ्याला महाराजांचं जेवण. पाचव्याला दरबार. सहाव्याला झोप. भागू पाण्याला लागली की काठच्या जांभळीवरचा कावळा ओरडे, "दुसरं कासव झालं हो! तिसरं लागलं!" दर हाळीमागे त्याला महाराजांच्या उष्ट्यातला एक लचका मिळे. त्यामुळे तो कामाला चोख होता.

जंगल बघता बघता सुधारलं. ज्यांना दिवसभर काही काम नव्हतं ती वानरं "मरायला कासव नाही हो!" म्हणत फांद्यांवरून धावू लागली. चितळं भूक नसताना चरू लागली आणि भूक लागली की पहिलं कासव संपायची वाट बघू लागली. महाराज खूश झाले. त्या जंगलात सिंहाने पाच पावसाळे राज्य करायचं आणि मग टेकडीपलीकडच्या सिंहाला गादी द्यायची असा जुना रिवाज होता. तोही कोल्ह्याने नव्या मापात बसवला. पाच पावसाळ्यांची झाली दहा हजार नऊशे पन्नास कासवं.

चालायची मात्र एकटी भागू.

सुरुवातीला तिला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याकडे बघत होतं. हरणं तिला वाट देत. रानडुक्कर तिला पाहून उभं राही. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की सगळे बघतात ती आपल्याकडे नव्हे, आपण कुठवर आलो तिकडे. "कशी आहेस?" असं कुणी विचारत नव्हतं. "अजून इथेच?" असं विचारत होते.

पहिल्या वर्षी तिला अंडी घालायची वेळ आली. कासविणीला त्यासाठी मऊ वाळू लागते, आणि ती पाणवठ्याच्या डोहाच्या पलीकडच्या काठाला होती. जाऊन यायला अख्खा दिवस मोडला असता. भागू नेमाची. तिने वाटेतच, वडाच्या टणक मातीत, चालता चालता अंडी घातली. परत फिरून आली तोवर घोरपडीने ती सगळी खाल्ली होती. टरफलं तेवढी पडली होती.

कासवं रडत नाहीत असं नाही, मुलांनो. ती हळू रडतात. भागू तो पावसाळा संपेपर्यंत रडत होती, आणि एकही कासव चुकलं नाही.

पुढची वर्षंही तशीच गेली. पाचव्या वर्षी, थंडी सरता सरता, पोट पुन्हा जड झालं तेव्हा ती कोल्ह्याकडे गेली. तो तिच्या चालायच्या वाटेवरच बसायचा, म्हणून जाता आलं.

"चिटणीसदादा, मला रजा पाहिजे. चारच दिवस."

कोल्ह्याने तिच्याकडे असं बघितलं, जणू डोंगर रजा मागायला आला आहे.

"तुला? अगं, तू रजेवर गेलीस तर चार दिवस येतील कुठून?"

"अंडी घालायची आहेत."

"मग घाल की. कोण नको म्हणतंय? फक्त चालत राहा."

"वाळूत घालायला हवीत, दादा. चार वर्षं घोरपडीच्या पोटात गेली. या खेपेची मला जगवायची आहेत."

कोल्हा अगदीच वाईट नव्हता. त्याने खाली मान घालून विचार केल्यासारखं केलं.

"हे बघ भागू, महाराजांची मुदत संपायला दहा दिवस राहिलेत. आता नवीन काही मंजूर करता येत नाही. नवे महाराज आले की त्यांच्या कानावर घालतो. दहा दिवस कळ काढ."

भागूने कळ काढली. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. पण पोटातल्या अंड्यांना मुदत कळत नाही. दहाव्या दिवशी, तिसरं कासव चालू असताना, अर्ध्या वाटेवर तिचे पाय आपोआप थांबले. तिने वडाकडे बघितलं. पाणवठ्याकडे बघितलं. मग ती वळली आणि डोहाला वळसा घालून पलीकडच्या वाळूकडे चालू लागली.

आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठेतरी जात होती.

इकडे पाणवठ्यावर हरणं पाणी पीत होती. ती पीत राहिली. पोटं टम्म झाली तरी पीत राहिली, कारण कावळा ओरडेना. महाराज जांभळीखाली ताटकळत होते. त्यांच्या पोटात आता कावळ्यांचा थवा ओरडत होता.

"आटपा की लवकर!" ते हरणांवर गुरगुरले.

"महाराज, अजून आमचीच पाळी आहे," एक म्हातारं चितळ नम्रपणे म्हणालं. "चौथं कुठे लागलंय?"

कायदा महाराजांचाच होता. बोलणार काय? सूर्य कलला, सांज झाली, तरी जंगलात तिसरंच कासव. शेवटी महाराज आणि कोल्हा शोधत शोधत पलीकडच्या काठाला गेले. वाळूत मागचे पाय रोवून भागू बसली होती.

महाराजांनी पंजा उगारला. "कामचुकार! माझं जेवण अडवतेस?"

भागूने मान आत घेतली नाही. "मारा महाराज. पण शेवटची तीन राहिलीत, ती तेवढी घालू द्या. मग लगेच चालायला लागते. धावायला सांगितलंत तर धावतेसुद्धा."

पंजा खाली येणार, एवढ्यात कोल्हा महाराजांच्या कानाला लागला.

"महाराज, ती चालायला लागली की तिसरं पुरं होईल. मग चौथं, पाचवं, सहावं. आणि सहावं झालं की..."

"की काय?"

"की टेकडीपलीकडून ते येतील."

महाराजांचा पंजा हवेतच राहिला. मग तो हळूच खाली आला आणि वाळू झटकू लागला.

"भागूबाई," महाराज म्हणाले. यापूर्वी त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. "किती दमलात हो तुम्ही! पाच वर्षं चालताय. बसा. अगदी निवांत बसा. हे पांढरं पांढरं काय आहे?"

"अंडी आहेत, महाराज."

"चालतात का?"

"नाही महाराज. अंडी कशी चालतील?"

"मग असू देत."

भागूला रजा मंजूर झाली. नुसती मंजूर नाही, सक्तीची झाली. तिने एक पाऊल टाकलं तरी वर्दी द्यायची, म्हणून वाळूवर तरसाचा पहारा बसला. तरसाच्या भीतीने घोरपड त्या काठाला फिरकली नाही. भागू अंड्यांवरच्या वाळूकडे बघत बसून राहिली. हे सुख आपल्याला कशाबद्दल मिळतंय ते तिला कळलं नाही, पण तिने ते नाकारलंही नाही.

जंगलात मात्र तिसरं कासव चालूच राहिलं. उन्हाळा आला तरी तिसरंच. टेकडीपलीकडचा तरुण सिंह दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा कोल्ह्याने त्याला तिसरं कासव चालू असल्याचं दाखवलं. आता तिसऱ्या कासवाला शिकार बंद, मग महाराजांच्या जेवणाचं काय? कोल्ह्याने तोड काढली. महाराजांचं जेवण ही कासवाबाहेरची बाब ठरली.

"पण पाळी आमची असताना आम्हाला खातात!" म्हातारं चितळ तक्रार घेऊन आलं.

"तुम्हाला वेळेत कुणी खात नाही," कोल्ह्याने समजावलं. "जे खातात ते वेळेबाहेर."

काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो ना? त्या जंगलात वेळ येतच नव्हती आणि काळ रोज येत होता. महिन्याभराने तक्रार घेऊन ते चितळही आलं नाही.

सगळ्यात हाल कावळ्याचे झाले. हाळी नाही तर लचका नाही. तो जांभळीवर बसून वाळत चालला होता आणि पाण्याकडे डोळे लावून होता.

आणि एका सकाळी वाळू हलली.

आधी एक इवलं डोकं वर आलं. मग दुसरं. मग वाळूला जणू उकळी फुटली. बावीस पिल्लं बाहेर पडली. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. ती तोंड वर करून क्षणभर थांबली आणि सरळ पाण्याकडे निघाली.

भागूला हंबरडा फोडावासा वाटला, पण कासवाला तेवढा आवाज नसतो. "सावकाश रे बाळांनो," ती पुटपुटली. तिने कुणाला प्रथमच सावकाश जायला सांगितलं असेल.

पहिलं पिल्लू पाण्याला लागलं. जांभळीवर कावळा ताडकन उभा राहिला.

"तिसरं कासव झालं हो! चौथं लागलं!"

महाराज दचकून जागे झाले. तोवर दुसरं पिल्लू पाण्यात.

"चौथं झालं हो!"

"ए कावळ्या, गप!" महाराज डोहाकडे धावले. "ही कासवं नव्हेत!"

"मग कोण आहेत, महाराज? ससे?" कावळा म्हणाला. "ठराव आहे. कासव पाणवठ्याला लागलं, की एक कासव झालं. पाचवं झालं हो!"

महाराजांनी चौथ्या पिल्लावर पंजा ठेवला. उरलेली अठरा त्यांच्या पंजाला वळसा घालून, पोटाखालून, शेपटीवरून पुढे गेली. एकाला दाबावं तर दुसरं पाण्यात. बिचारे वाळूत इकडून तिकडे उड्या मारत होते. त्या उड्यांत पंजाखालचं पिल्लूही निसटलं.

"सहावं झालं हो!" कावळ्याने सूर लावला. "मुदत संपली हो! उद्याचं पहिलं झालं! दुसरं झालं!"

हाळी टेकडीपलीकडे गेली. पिल्लं संपली तेव्हा जंगल एका सकाळीत साडेतीन दिवस पुढे गेलं होतं आणि सिंहमहाराज माजी महाराज झाले होते.

"हिला राखायला ठेवलं होतं ना तुला?" कोल्हा तरसावर ओरडला.

"भागूबाई जागच्या हलल्या नाहीत, साहेब," तरस म्हणालं. "मी शपथेवर सांगतो."

तरुण सिंह आला. त्याने गादीवर बसण्याआधीच विचारलं, "काळ कुठे आहे?"

"पाण्यात आहे, महाराज," नव्या महाराजांचा चिटणीस कोल्हा म्हणाला. "पण आता तो बावीस तोंडांनी बावीसकडे पोहतोय. त्यातला कोणता खरा धरायचा, यासाठी समिती नेमावी लागेल."

भागूने काही ऐकलं नाही. ती सावकाश उठली, कुणीही मोजत नाही अशा चार पावलांत पाण्यापर्यंत गेली आणि पोरांच्या मागोमाग बुडी मारून दिसेनाशी झाली.

तात्पर्य: वेळ कुणासाठी थांबत नाही, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. गरज पडली तर ती थांबवता येते, बसवता येते, तिच्यावर पहारासुद्धा ठेवता येतो. फक्त शहाण्या राजाने घड्याळ नेमतानाच त्याला मूलबाळ होणार नाही, एवढी खात्री करून घ्यावी.