मागच्या अंगणातला भूगोल

बायकोच्या वर्षश्राद्धासाठी पत्रावळी घेऊन कडूबा भोकरदनहून पिंपळगावला परतला, तेव्हा त्याच्या घरामागचा भूगोल नाहीसा झाला होता.

सकाळी तो निघाला तेव्हा तिथे एक डोंगर, एक पठार, दोन नद्या, एक खोरं आणि एक कोरडं पडलेलं बेट होतं. आता नुसती सपाट जमीन होती. मधोमध जेसीबीला टेकून शेजारचा कल्याण उभा होता, शाबासकीची वाट बघत.

"काका, गोटी ठिवून बघा. बिलकुल हलणार न्हाई."

"डोंगर कुठंय?"

"काढला की. फोनवर तुम्हीच म्हणले, मागचे खड्डे-टेकाडं काढून टाक, मांडव घालायचाय."

"अरे, मी मोरीच्या मलब्याचं म्हणत होतो!"

"मंग तसं म्हणायचं ना! खड्डे-टेकाडं म्हणजे काकूंचे, हे साऱ्या गावाला ठावूक हाय. तुम्हीच तर म्हणायचे."

कडूबा तसं म्हणायचा खरा. त्याची बायको शिवकन्याबाई गावच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. दर हिवाळ्यात त्या मागच्या अंगणात मातीचा मुलूख उभा करायच्या आणि सहावी-सातवीची पोरं आणून, हातात छडी घेऊन एकेक गोष्ट समजावून सांगायच्या. हे अठरा वर्षं चाललं. कडूबा वायरमन होता. त्याचा जन्म खांबावर गेला. खाली मातीत काय चाललंय हे त्याने विचारलं नाही. "तुमचे खड्डे-टेकाडं झाले का?" एवढंच तो विचारायचा, आणि त्या हसायच्या.

त्यात शाळेचे नागसेन सर आले. बाईंच्या आठवणीसाठी वर्षश्राद्धाच्या दिवशीच सातवीचा तास इथे घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. सपाट अंगण बघून ते दारातच थांबले.

"परवा पोरं येऊन राह्यली, कडूबाभाऊ. त्यांना काय दाखवू?"

"सपाट प्रदेश," कल्याण म्हणाला.

कडूबाची मोठी बहीण गिरिजाबाई हे सगळं ऐकत होती. "मातीच तर हाय, कडू. रडतो काय? पुन्हा रच. जिनं केलं तिला तुझ्यासारखे दोन हातच होते."

मग कल्याणनेच मुरूम आणला. पण जेसीबीला लहान डोंगर करता येत नाही. बाईंचा डोंगर गुडघ्याएवढा होता, हा घराच्या पत्र्यापर्यंत गेला. मांडवाला जागाच उरली नाही, म्हणून पंगत आणि चूल पलीकडच्या रामरावांच्या अंगणात न्यायचं ठरलं.

"नदी कोणत्या अंगाला जायची?" कल्याणने विचारलं.

कडूबाने डोळे मिटून आठवून पाहिलं. "उजव्या."

"कोणाच्या उजव्या?"

"काढ रे, जल्दी!"

वर्षश्राद्धाच्या दिवशी पोरं डोंगराभोवती गोल करून उभी राहिली. पलीकडे पहिली पंगत बसली होती. नागसेन सर म्हणाले, "आता नदीला पाणी सोडा."

हे काम मात्र वायरमनचं होतं. कडूबाने डोंगराच्या माथ्यावर बोअरचा पाइप ठेवला आणि मोटर चालू केली.

"काका," रूपाली नावाची मुलगी म्हणाली, "बाई तांब्याने पाणी सोडायच्या."

पण पाणी निघालं होतं. त्याने आधी अर्धा डोंगर पोटात घेतला, मग कल्याणने काढलेल्या उजव्या अंगाने ते थेट रामरावांच्या अंगणात शिरलं.

"कडूबा! तुझा डोंगर माझ्या घरात आला!" रामराव ओरडले.

नागसेन सर खरे मास्तर. त्यांनी छडी उचलली. "मुलांनो, नीट बघा. डोंगरावर माती खणली जाते, ते खनन. पाणी ती वाहून नेतं, ते वहन. आणि रामरावांच्या ओट्यापाशी साचून राह्यलंय, ते?"

"संचयन!"

"सर, तिथं पाण्याला तीन फाटे फुटले!"

"शाबास. तो त्रिभुज प्रदेश."

"मास्तर," स्वयंपाकाला आलेल्या चांगुणाबाई ओरडल्या, "तुमचं शिकवणं ऱ्हाऊ द्या अन् हे वरणाचं पातेलं धरा!"

तोवर पंगत उठली होती. माणसं भरल्या पत्रावळी दोन्ही हातांनी सावरत देवळाच्या पायऱ्यांकडे निघाली.

"हे काय?"

"स्थलांतर!"

"कशामुळं?"

"पुरामुळं!"

रामरावांच्या एका बाजेवर अकरा बायका चढल्या होत्या. "आणि ही लोकसंख्येची घनता," सर म्हणाले.

"घनता गेली खड्ड्यात! आधी मोटर बंद करा!" रामराव म्हणाले आणि मग स्वतःच हसायला लागले.

श्राद्धाला आलेलं सगळं गाव हसलं. जाताना एक पोरगं म्हणालं, "काका, आता कधीच इसरणार न्हाई." कडूबाही हसला. साठी उलटल्यावर एका दिवसात तो सहा शब्द शिकला होता. मग त्याला वाटलं, सांगणारी अठरा वर्षं या घरातच होती. भिंतीपलीकडे जाऊन उभं राहायचं, एवढंच काम होतं.

पुढचे पंधरा दिवस शाळा सुटल्यावर पोरं येत राहिली. कडूबाने आधी रामरावांचं अंगण खरवडून दिलं. मग फावड्याने, गुडघ्याएवढाच डोंगर केला. पोरं सांगायची तसं पठार झालं, उतार बरोबर झाला, तांब्याने सोडलेल्या नद्या जिथे जायला हव्यात तिथे गेल्या.

"आता बेट," रूपाली म्हणाली. "चारी बाजूंनी पाणी, मधी जमीन. बाईंचं पाणी दिवसभर आटायचं न्हाई."

या मुरमाड मातीत घडाभर पाणी पाव घंटाही टिकत नाही. कडूबाने प्लास्टिक अंथरून पाहिलं. "बाईंचं प्लास्टिक दिसायचं न्हाई," पोरं म्हणाली. त्याने शेण लावलं, चिकणमाती लावली. पाणी जिरलं.

"खाली काय घालायच्या तुमच्या बाई?"

"आमी यायच्या आधीच भरलेलं असायचं, काका. त्या सकाळीच करायच्या. तुमीच घरी असायचे ना?"

तो घरीच असायचा. डोंगर झाला, पठार झालं, दोन्ही नद्या झाल्या, खोरं झालं. बेट करायचं राहिलं आहे.