माठातला सहावा गडी

फुशारकी मारणं माझ्या व्रतात बसत नाही. तरी खरं ते सांगते. नव्या लातूर जिल्ह्याच्या मुलींनी बास्केटबॉलमध्ये नांदेडला हरवलं, ते माझ्यामुळं! खेळातलं मला काय कळतं, असं विचारू नका. मी शिवणाची बाई. मुलींसोबत एक तरी बाई पाहिजे, म्हणून मला उदगीरला धाडलं.

जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच! शाळेच्या पाटीवर अजून 'जि. उस्मानाबाद' होतं. मुलींच्या सदऱ्यांवर 'लातूर' ही अक्षरं मीच शिवली होती; एकीच्या पाठीवर 'र' तेवढा उलटा बसला. गावोगावच्या शाळांतून निवडलेल्या या पोरींनी आटलेल्या तळ्याच्या तळात, खांबाला रिंग ठोकून सराव केलेला. चेंडू सगळ्यांत मिळून एक. आणि मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "हरल्या तर चेंडू पोरांना. मग पोरींनी लंगडी खेळावी!"

कर्णधार सिंधू. काटकुळी, पण डोळे असे की चेंडूच घाबरावा. तिनं मला माझं काम समजावून दिलं.

"बाई, तुम्ही फकस्त पाणी सांभाळा. टँकर आला न्हाई. हा एक माठ, तेवढंच पाणी हाय आपलं."

"एवढंच ना?"

"एवढंच. दुसरं काई करू नका बाई, पाया पडते."

मी तिला अंगारा लावायला गेले, तर तिनं हसून डोकं मागं घेतलं. "आमच्यात न्हाई बाई." तिच्या घरी बुद्धवंदना असते, मला माहीत होतं, हात आपला सवयीनं गेला. तिच्या वाटचा अंगारा मी बाकीच्या चौघींना लावला. वाया कशाला घालवा?

आता माझं रोजचं व्रत असं, की बाळकृष्णाला आंघोळ घातल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेत नाही. त्यामुळं बोराएवढा पितळी बाळकृष्ण पिशवीत होताच. आणि मोठ्या संकटात आपण काय करतो? देव पाण्यात घालतो! मनासारखं होईपर्यंत बाहेर काढत नाही. पाणी तर समोरच होतं. मी इकडंतिकडं पाहिलं, 'लातूर जिंकेपर्यंत तुला काढणार नाही रे बाबा' असं पुटपुटले आणि देवाला अलगद माठात सोडलं. पाणी सांभाळायला त्याच्याहून चांगला कोण?

सामना सुरू झाला. बघता बघता आठ-दोन! आमचे आठ! मी मनातल्या मनात देवाला लोणी कबूल करून टाकलं.

तेवढ्यात नांदेडच्या पोरींसोबतच्या नागाबाई आल्या. पदर खोचलेला, आवाज शाळेच्या घंटेसारखा. "बाई, आमचा माठ खाली झाला बघा! पोरींचे घसे वाळून राहिले. तुमचा नेते."

दुष्काळात पाण्याला नाही म्हणणं पाप. मनातला नवस चारचौघांत सांगितला तर तो फळत नाही. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि नागाबाई माठ कडेवर घेऊन निघूनसुद्धा गेल्या. लेकराला न्यावं तसा! आत लेकरू होतंच!

नांदेडच्या पोरी तीर्थ प्यायल्या मात्र, चेंडू त्यांच्या हाताला गुळासारखा चिकटला. आठ-आठ! चौदा-आठ! मध्यंतराला सिंधू धापा टाकत आली.

"बाई, माठ कुठाय?"

"नांदेडला दिला."

"अन् आम्ही काय प्यावं?"

"पुण्य लागतं गं," मी हळूच म्हणाले.

"पुण्यानं घसा ओला होतो का बाई?"

मला तर रोग कळला होता. देव ज्याच्या बाकाखाली, पारडं त्याचं! देव बाहेर काढायचा नव्हता. पण पाण्यातून पाण्यात नेला तर नवस मोडत नाही. नागाबाई माठाजवळून हलेनात; सामना संपत आला, तेव्हा मी धीर करून तांब्या घेऊन गेले आणि कोपरापर्यंत हात घालून माठात चाचपडू लागले.

"बाई, पाणी घेता का खेकडे धरता?" नागाबाईंनी विचारलं.

सापडला! पाण्यासकट तांब्यात आला! मी मैदानाच्या कडेनं निम्मी वाट येईतो नांदेडच्या विसाला आमचे पंधराचे एकोणीस झाले. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं! शेवटचं मिनिट उरलं होतं.

"वा बाई!" मुख्याध्यापक आडवे आले. "पाहुण्यांना पाणी आणलंत!"

"अहो, ते..." मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच ऐकू येत नाही, तर त्यांना काय येणार! तांब्या गेला थेट प्रमुख पाहुण्यांच्या हातात. व्यंकटराव, उदगीरचे आडतदार. त्यांनी मान मागं टाकून वरून धार धरली. गट, गट, गट... ठण्ण! देव दातावर आपटला, मिशीवर थांबला आणि ओंजळीत पडला.

व्यंकटराव खुर्चीवरून उठले, डोळ्यांतून धारा. "बाळकृष्ण! पाण्यातून आला! दुष्काळात देवानं दर्शन दिलं!"

मांडवातलं पब्लिक उभं राहिलं. हात जोडले गेले. नांदेडच्या पाचही पोरी हात जोडून, डोळे मिटून उभ्या. आमच्या चौघीही. पंचांनी तोंडातली शिट्टी काढली, खिशात ठेवली आणि हात जोडले.

अख्ख्या मैदानात दोनच हात जोडलेले नव्हते. सिंधूचे. त्यांत चेंडू होता. ती टप्पे देत निघाली, मिटल्या डोळ्यांच्या रांगेतून, एकीलाही धक्का न लावता. रिंगेखाली पोचली, उडी मारली आणि चेंडू आत! एकवीस-वीस!

"अगं कार्टे!" नागाबाई कडाडल्या. "देवाला हात जोडायचे सोडून हे काय?"

"माझा देव न्हाई तो बाई," सिंधू म्हणाली. "अन् शिट्टी वाजली न्हवती."

पंचांनी खिसा चाचपला, घड्याळ पाहिलं, आकाशाकडं पाहिलं. "न्हवती वाजली," ते म्हणाले. वेळही संपली होती!

चेंडू पोरींकडंच राहिला. परतीच्या एसटीत मी मोठ्या मनानं सिंधूला नवसाचं सगळं सांगितलं.

"म्हंजी आमचं पाणी गेलं ते तुमच्या देवापायी?"

"अगं, माठ नागाबाईंनी नेला! आणि जिंकलातही त्याच्यापायीच!"

"बाई, पुढच्या वेळी पाणी मी सांभाळते. तुम्ही 'र' सुलटा लावा."

व्यंकटरावांनी देवाची आडतीत वाजतगाजत स्थापना केली. दर्शनाला रांग लागते म्हणे. आता 'तो माझा आहे' हे कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या देव्हाऱ्यात सध्या देव म्हणून सुपारी आहे. रोज आंघोळ घालते. पाण्यात मात्र घालून ठेवत नाही.

एकदा ठेवली होती. फुगली.